तुमचा वर्ग बुडाल्याचा खुलासा

बर्फाचा कारखाना, वेरावळ बंदर,
पाडव्यानंतरचा शनिवार

तीर्थस्वरूप सौ. ललितावहिनींना धाकटा दीर भिका याचा, डोकं तुमच्या पायांवर आणि स्वतःचे पाय ओल्या फरशीवर ठेवून, नमस्कार.

मी इकडे बरा आहे. तिकडे तुम्ही, रंगनाथदादा, तुमची निकिता, दोन्ही बैल आणि तुमच्या वर्गातली झाडून सगळी मुलं जिवंत आहेत. लोक पत्रात 'सर्व खुशाल असतील' असं हात जाईल तसं लिहून टाकतात. मी चौकशी करून लिहितोय, कारण मागच्या मंगळवारी अर्ध्या तालुक्याची खात्री उलटी होती. देवळ्याहून माणसं जीपा भरभरून तुमच्या शाळेवर आली, शाळेला कुलूप बघून ओट्यावरच रडायला बसली, आणि तुम्ही तेव्हा घरी शेवया वाळत घालत होतात (हे दादाने फोनवर सांगितलं). ती माणसं कोणी धाडली, आणि ती जाडी बाई तुमच्या गळ्यात पडून "बाई, तुम्ही वर आल्या कशा" असं का विचारत होती, हे तुम्हाला अजून नीट कळलं नसेल. ते कळावं म्हणून हे पत्र. उभ्याने वाचू नका. अण्णा जवळ असतील तर दूध उतू चाललं म्हणून आत जा आणि तिथे वाचा.

मुळापासून सांगतो, म्हणजे माझी चूक येईपर्यंत तुम्ही दमलेल्या असाल. बाप म्हणून अण्णांनी धाडलेला निरोप तर दादाने तुमच्यासमोरच लिहिला होता: "आखाजीना आत घर ये, नई ते तोंड दखाडू नको." (आखाजी म्हणजे तुमच्या माहेरची अक्षय्य तृतीया.) घरी येऊन करायचं काय, तर कांदाचाळीत बसून सडका कांदा चांगल्या कांद्यातून वेगळा काढायचा. वहिनी, मी सातवीच्या वर्गात बसू शकलो नाही, आणि तिथे निदान खिडकी होती. पिंपळगावला द्राक्षं खोक्यात भरली, सटाण्याला हॉटेलात भजी तळली, नाशकात एका मंडपवाल्याकडे दुसऱ्यांच्या लग्नांचे खांब रोवले. कुठेच बूड टेकलं नाही हे खरं. पण वेरावळला टेकलंय (ओलं होतं, पण टेकतं). ते टेकलेलं राहावं म्हणून मी तुम्हाला साकडं घातलं, की अण्णांची समजूत काढा. घरात अण्णा फक्त तुमचं ऐकतात, कारण सातबारा वाचून दाखवताना तुम्ही त्यांना 'हे तर सोपं आहे' असं कधी म्हणत नाही. तर तुम्ही उलट टपाली अट घातलीत: "भाऊजी, समुद्राकाठी राहता, तर माझ्या वर्गासाठी समुद्रातल्या जीवांची चांगली पुस्तकं निवडून पाठवा. तेवढं एक काम शेवटपर्यंत करून दाखवा, मग अण्णांशी मी बोलते." आणि सोबत पोरांचे प्रश्न, ज्यांची उत्तरं त्या पुस्तकांत असली पाहिजेत. निकिताने विचारलं होतं, समुद्राला पाणी कोणत्या पाटातून सुटतं आणि पाळी कोणाची असते. कोणीतरी विचारलं होतं, पाणी खारं आहे तर मासे दुसरीकडे विहीर का खोदत नाहीत. आणि तुमच्या त्या मागच्या बाकावरच्याने विचारलं होतं, समुद्र उपसायला किती हॉर्सपॉवरची मोटार लागेल. हे प्रश्न मी कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवले. मालक म्हणाला, मोटारीचं उत्तर सापडलं तर मलाही सांग.

आता एक गोष्ट, जी गावात कोणाला बोलू नका. गावाला वाटतं मी समुद्रावर असतो. मी समुद्रावर नसतो वहिनी, मी बर्फावर असतो. बर्फाची लादी मशीनमध्ये लोटायची, चुरा पाट्यांत भरायचा, माशांवर ओतायचा. समुद्र भिंतीच्या पलीकडे आहे. त्याचा आवाज येतो, वास येतो, वाईट शेजाऱ्यासारखा. मासे मी रोज बघतो, पण माणूस माणसाला शेवटचं ज्या अवस्थेत बघतो त्या अवस्थेत. त्यामुळे माझी अशी समजूत झालेली, की मासा म्हणजे थंड, गप्प, एका कुशीवर झोपणारा आणि ओळीत राहणारा प्राणी. तुमच्या वर्गात असता तर मॉनिटर झाला असता.

वेरावळात पुस्तकं मिळतात, पण गुजरातीत. आपली अक्षरं कशी दोरीवर वाळत घातल्यासारखी वरच्या रेघेला धरून असतात. गुजराती अक्षरांना ती रेघच नाही, दोरी तुटून सगळं धुणं अंगणात पडल्यासारखं दिसतं. तुमच्या पोरांना ती दिली असती तर त्यांनीही रेघ मारायची सोडली असती आणि वर म्हणाली असती, भिकाकाकांच्या पुस्तकात असंच आहे. म्हणून मी नाशिकला यायचं ठरवलं. मालकाला रजेचं कारण सांगितलं, घरी मयत झाली (तेव्हा ते खोटं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खरं झालं, पुढे येईल). सुरतेहून सापुताऱ्याच्या घाटाने एस.टी. धरली. वणीला गाडी थांबली तेव्हा गावाकडचं कोणी चढेल म्हणून तोंडावर टॉवेल टाकून बसलो. अण्णांनी तोंड दाखवू नको म्हटलेलं आहे आणि मी तसा आज्ञाधारक आहे.

नाशकात दिनेशकडे उतरलो. दिनेश तुम्हाला ठाऊक आहे, तो माझ्याबरोबरच सातवीतून उठला आणि आता पंचवटीत रिक्षा चालवतो. त्याला म्हटलं, पुस्तकाचं दुकान दाखव. तो म्हणाला, "लांब कशाला जायचं भिक्या, इथं पावलापावलाला पुस्तकं हायेत," आणि रामकुंडाजवळ एका टपरीपुढे मला उतरवून गिऱ्हाईक घेऊन पसार झाला. पुस्तकं होती, खोटं बोलत नाही. पण पंचवटीत समुद्र म्हटला की तो भवसागर असतो. वरच्या फळीवर भवसागर तरून जायचा, मधल्या फळीवर दयेचा सागर, खालच्या फळीवर दहावीची गाइडं, ती ज्ञानाचा सागर. एवढे सागर आणि एकातही मासा नाही.

दुकानात एक म्हातारे काका होते. कानात कापूस, कपाळाला गंध, बोलणं लोण्यासारखं. तिथलं गिऱ्हाईक बहुतेक दहाव्याला आलेलं नाहीतर अस्थी घेऊन आलेलं, त्यामुळे त्यांना सगळ्यांशीच हळू बोलायची सवय. मी तुमच्या पत्रातलेच शब्द वापरायचे ठरवले होते. म्हटलं, "काका, समुद्रातल्या जीवांसाठी पुस्तक पाहिजे." वहिनी, माझी चूक ती एवढीच. 'जीवांचं' म्हणायचं होतं, 'जीवांसाठी' म्हणालो. मुलांसाठी पाहिजे होतं, तो 'साठी' मुलांवरून घसरून जीवांना चिकटला. सातवी पुरी केली असती तर प्रत्यय जागच्या जागी लागला असता आणि तालुका वाचला असता.

काकांनी हातातली पोथी खाली ठेवली. "समुद्रात गेले का?"

"समुद्रातच असतात," मी म्हटलं.

"अरेरे. सापडले नाहीत?"

"सापडतात की. रोज टोपल्या भरून सापडतात."

काकांनी कानातला कापूस काढला. "लहान की मोठे?"

मला वाटलं पुस्तक कोणत्या वयाचं पाहिजे ते विचारतायत. म्हटलं, "लहानच. तिसरीचा वर्ग आहे."

"वर्ग," काका म्हणाले. "आख्खा?"

"आख्खा. आमच्या वहिनींचा. देवळ्याकडची शाळा आहे."

"आणि त्या बाई?"

"बाई त्यांच्याबरोबरच असतात. बाईंनीच तर मला पाठवलं."

इथे काकांनी मागच्या फळीला पाठ टेकली आणि आवाज आणखी खाली आणून विचारलं, "स्वप्नात आल्या?"

म्हटलं, "नाही, पत्र आलं."

 काकांनी शेजारच्या पूजासाहित्यवाल्याला हाक मारली, त्याने पलीकडच्या न्हाव्याला हाक मारली, न्हावी अर्ध्या डोक्याचं गिऱ्हाईक घेऊनच आला, आणि बघता बघता माझ्याभोवती माणसं जमली. एका बाईने माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, "खा रे बाळा, पोटात काही नसंल." एक गुरुजी म्हणाले, पाण्यात गेलेल्या जीवांचं वेगळं असतं, त्यासाठी त्र्यंबकला जावं लागेल. मी विचारलं, तिथे चित्रांची मिळतील का. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. एका भाजीच्या टेम्पोवाल्याने विचारलं, "तू तिथंच होता का?" म्हटलं, "तिथेच असतो. बर्फाचं मीच बघतो." त्यावर न्हाव्याचं ते अर्ध्या डोक्याचं गिऱ्हाईक हुंदके द्यायला लागलं. वहिनी, खरं सांगतो, मला काही शंका आली नाही. मला वाटलं, खेड्यातल्या शाळेत पुस्तकं नाहीत म्हटल्यावर या लोकांना किती वाईट वाटतंय. पंचवटीत वाचनाबद्दल केवढी आस्था आहे, हे तुम्हाला पत्रात लिहायचं असंही तेव्हाच ठरवलं (आणि बघा, लिहिलं). काकांनी एक पोथी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ठेव, तुझ्याकडून काही घ्यायचं नाही. तेवढ्यात दिनेश आला, गर्दी बघून घाबरला आणि मला रिक्षात कोंबून नदीपलीकडे घेऊन गेला. टेम्पोवाला त्याच वेळी रिकामी खोकी घेऊन देवळ्याकडे निघाला होता. ते मी बघितलं आणि त्याला हातही केला.

नदीपलीकडे खरं दुकान सापडलं. फळ्याच फळ्या, आणि गल्ल्यावर मंगलाबाई म्हणून एक बाई, चष्मा दोरीला बांधलेला. या वेळी मी बोलण्याची जोखीम घेतली नाही, तुमचं पत्रच पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, मोटारीच्या प्रश्नाला हसल्या, आणि टेबलावर पुस्तकांचा ढीग लावला. आता निवडायचं काम माझं. दिनेशची निवडायची रीत सोपी होती: पुठ्ठा वाकवून बघायचा, जो वाकत नाही ते पुस्तक चांगलं. मी मात्र प्रत्येक पान उघडून मासे तपासत होतो. सगळे मासे हसत होते. काहींना पापण्या होत्या. एकाने चष्मा लावून पेपर उघडला होता. एक खेकडा नवरदेव झाला होता आणि वऱ्हाडात कोळंबी नऊवारी नेसून नाचत होती. एका पुस्तकात तर लहान मासा खोटं बोलतो आणि मोठा मासा त्याला न खाता नुसतं समजावून सांगतो.

म्हटलं, "मंगलाबाई, ही सगळी खोटी आहेत. मासा हसत नाही. मी रोज बघतो, एकाच्याही तोंडावर हसू नसतं."

"कुठे बघता?"

"बर्फात."

"बर्फात म्हणजे मेलेले."

"हो."

"मग हसतील कशाला?" मंगलाबाई म्हणाल्या. "मेलेले मासे सोडून दुसरा मासा पाहिलाय का तुम्ही?"

वहिनी, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. गावच्या नाल्यातले सोडले तर समुद्राचा जिवंत मासा मी बघितलेलाच नाही. भिंतीपलीकडे समुद्र आहे, मी त्याला पाठ करून बर्फ लोटतो. दिनेश म्हणाला, "बाई, याचं तोंड बघा, हा पण तसाच दिसायला लागला." मंगलाबाईंनी मग एक खऱ्या फोटोंचं पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. त्यात सुरमई होती. मी सुरमईवर वर्षभर बर्फ ओतलाय, तरी मी तिला ओळखलं नाही. ती चमकत होती आणि कुठेतरी निघाली होती. खाली नाव वाचलं तेव्हा पटलं. वर्षभर एका घरात राहून मालकिणीला पहिल्यांदा लग्नाच्या फोटोत बघावं तसं झालं. मी ते पान बराच वेळ धरून बसलो. दिनेशने दोनदा बाहेर जाऊन रिक्षा पुसली.

पुढची निवड मग वादावादी करतच झाली. देवमाशाच्या पुस्तकात लिहिलंय, देवमासा हा मासा नाही. म्हटलं, नावात मासा आणि मासा नाही, हे पोरांना कसं पटवायचं? दिनेश म्हणाला, "आमच्या गल्लीत देवराम हाय, तो देव पण नाय न् राम पण नाय." मंगलाबाई म्हणाल्या, झालं, हेच वर्गात सांगा. आठ हातांच्या एका प्राण्याचं पुस्तक आहे, त्याचं नाव वाचताना माझी जीभ दोनदा दुमडली. ते मी पाहताक्षणी घेतलं, कारण अण्णांना असाच गडी पाहिजे: कांदा कापायला आठ हात आणि रोजंदारी एकाची. (मात्र निकिताला आधीच सांगा, आपल्या गडावरच्या देवीला अठरा हात आहेत, त्यामुळे त्या प्राण्याने फार फुशारून जाऊ नये.) कासवाचं घेतलं, त्यात कासव अंडी घालायला जिथे जन्मलं त्याच किनाऱ्यावर परत येतं असं आहे. ते मी मोठ्याने वाचत होतो आणि मधेच थांबलो. दिनेशने विचारलं काय झालं, म्हटलं जोडाक्षर आलं. समुद्र उपसायच्या मोटारीबद्दल एकाही पुस्तकात काही नाही. मोठी उणीव आहे.

पार्सल घेऊन संध्याकाळी पंचवटीत परतलो. भाजीबाजारात दिनेशच्या ओळखीची नवसाबाई मेथी विकते, तिच्यापुढे थांबलो तर ती पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, "ऐकलं का, देवळ्याकडची आख्खी शाळा समुद्रात बुडाली. सहलीला गेली होती."  ती सांगायला लागली: दोन बोटी होत्या, डोंगराएवढी लाट आली, बाई इतक्या कर्तव्याच्या की हजेरी घेतल्याशिवाय बुडाल्या नाहीत. मी रडायला लागलो वहिनी. आपल्या भागातली पोरं, कोणाची असतील, आणि मी इथे चित्रांतल्या माशांच्या पापण्या मोजत बसलो होतो. नवसाबाई म्हणाली, "आणि त्या बाईचा दीर होता तिथं कामाला, बर्फाच्या कारखान्यात. त्यानं उडी मारली. एकेका लेकराला काठावर आणायचा न् पुन्हा आत जायचा. शेवटी त्याचाच दम सुटला. लय गुणाचं पोर होतं म्हने. भिका नाव."

आम्ही रडायचे थांबलो. मी दिनेशकडे बघितलं, दिनेशने माझ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "भिक्या, तुला कुठं पोहता येतं?"

आता तुमच्यापासून काही लपवत नाही. मी लगेच बोललो नाही. आपल्याबद्दल 'गुणाचं पोर' हे शब्द मी आजवर ऐकले नव्हते, आणि ती आणखी काही म्हणते का म्हणून जरा उभा राहिलो. तिने म्हटलंही, की घरच्यांची सेवा करायचा. मग मात्र मला राहवलं नाही, मी म्हटलं, "मावशी, तो भिका मीच." नवसाबाईने मेथीची जुडी उगारली. "मेलेल्याचं नाव लावून फुकट भाजी मागतो व्हय रे? लाज वाटू दे."

धावत एस.टी.डी. बूथवर गेलो आणि आपल्या गावच्या किराणा दुकानात फोन लावला. म्हटलं, "हॅलो, मी भिका बोलतोय, सहादू अण्णांचा."  पलीकडून दुकानदाराने विचारलं, "कुठून?" मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "रामकुंडावरून." फोन खाली पडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर कितीही वेळा लावला तरी तो जमिनीवरून उचललेलाच नव्हता.

तिकडचं पुढचं तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्याची सकाळची शाळा, दुपारी कुलूप असणारच, पण रडणाऱ्याला कुलूप पुरतं. पोरं सगळी चिंचा पाडायला गेली होती, ती काठ्या-आकडे घेऊन चिंचा खात परत आली तेव्हा आयांनी आधी मिठी मारली आणि मग बडवलं, त्याबद्दल माझ्यातर्फे पोरांची माफी मागा. वर्ग जिवंत निघाला, पण माझा निकाल लागेना. दुसऱ्या दिवशी दादाने खात्री करायला कारखान्यात फोन केला. मी तेव्हा गाडीत होतो. मालकाने उचलला, आणि त्याने जे माहीत होतं तेच हिंदीत सांगितलं: "भिका नहीं है. मौत हुई है." (माझ्या रजेचं कारण. म्हटलं होतं ना, पुढे येईल.) तुम्ही विचाराल, भाऊजी, नाशकात होतात तर गाडी धरून तडक घरी का आला नाहीत? येणारच होतो वहिनी. देवळ्याच्या गाडीपाशी गेलो, पार्सल कंडक्टरच्या हातात दिलं, एक पाय पायरीवर ठेवला. आणि तो खाली काढला. जिवंत होतो तेव्हाच तोंड दाखवायची बंदी होती. मेल्यावर दाखवलं असतं तर अण्णा काय म्हणाले असते, ते मला सुचेना. उलट दिशेची गाडी समोर उभी होती, तिच्यात बसलो. इकडे येऊन दादाला फोन केला, दादाने इतक्या शिव्या दिल्या की बूथवाल्याने दार लावून घेतलं.

असो. पार्सल पोचलं असेल. पुस्तकं पोरांच्या हातात द्या, कपाटात घालून कुलूप लावू नका, आपल्याकडे कुलूप बघून लोक काय समजतात ते कळलंच आहे. सुरमईचं पान आलं की सगळ्यांना नीट बघू द्या. निकिताला सांगा, समुद्राचं पाणी नद्यांमधून सुटतं आणि पाळी सगळ्यांची रोजच असते, हे मंगलाबाईंनी शोधून दिलं. आणि तुमची अट मी पूर्ण केली आहे, एक काम शेवटपर्यंत केलं आहे. तेव्हा आता तुम्ही अण्णांशी बोला. त्यांना स्वच्छ सांगा, की भिका आखाजीला येणार नाही, तो तिकडे स्थिर झाला आहे, त्याची चाळीत बसायची इच्छा नाही आणि त्याला घरची आठवणही फारशी येत नाही. दादाला नमस्कार, निकिताला पापा, बैलांच्या पाठीवर हात फिरवा, अण्णांना काहीच सांगू नका. म्हणजे वरचं सोडून.

तुमचा आज्ञाधारक (आणि हयात) दीर,
भिका

ता.क. पुस्तकं मी निवडली असं वर लिहिलंय. त्यातलं आठ हातांचं तेवढं मी निवडलं. बाकीची मंगलाबाईंनी निवडली, मी फक्त नाही म्हणायचो आणि त्या ती बाजूला काढून पार्सलमध्ये घालायच्या. त्यामुळे अट काटेकोर धरली तर पूर्ण झालेली नाही. धरायची की नाही ते तुमच्यावर.

आणखी ता.क. स्थिर झालोय हेही तपासून घ्यावं लागेल. नाशकाहून आल्यापासून मी पाट्यांतल्या सुरमया उजेडाकडे वळवून बघतो, त्यात वेळ जातो, आणि मालकाने दोनदा विचारलं की माल भरतोयस की मुलगी बघतोयस. रोज कामावर जाण्याआधी भिंतीला वळसा घालून समुद्र बघून येतो. जिवंत मासा अजून दिसलेला नाही. लांबून एक उडाला, पण ती पिशवी होती.

शेवटचा ता.क. हा फक्त तुमच्यासाठी. दादा शिव्या संपल्यावर फोनवर म्हणाला, की बातमी आली तेव्हा अण्णा देवळ्याच्या मार्केटात होते. आपल्या कांद्याचा लिलाव चालू होता. कोणीतरी सांगितलं, भिका गेला. अण्णा तिथेच कांद्याच्या ढिगावर बसले, भाव पुकारत होते तरी उठले नाहीत, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी विचारलं, माझ्यासाठी का? दादा म्हणाला, आता काय सांगू, कांद्याचं मार्केट ते. आणि लाइन कटली. वहिनी, तुम्ही नाशिक शहरातल्या, म्हणून सांगतो. अख्ख्या कांद्याने डोळ्यांत पाणी येत नाही, मग तो ट्रॉलीभर असो. कापावा लागतो. व्यापारी कधी एखादा कापून बघतात, कधी नुसता दाबून बघतात. तर अण्णांना न विचारता, दादाला जेवताना सहज विचारल्यासारखं विचारून एवढं कळवा, की त्या ढिगातला कांदा कोणी कापला होता का. कापला असेल, तर वर लिहिलेलं सगळं कायम समजा. नसेल कापला, तर आखाजीला आमरस एका माणसाचा जास्त धरा.